ओल्या बुटांची जागा

आमच्या सावंतवाडीच्या घरात पादत्राणांची हद्द ठरलेली होती. पडवीच्या आत ती येत नसत. उन्हाळ्यात या नियमाचं कुणाला काही वाटायचं नाही. पण जून लागला की घरातली सगळ्यात ओली जागा म्हणजे पडवी. पागोळ्यांचे तुषार थेट आत यायचे, जांभ्याच्या भिंती ओल धरायच्या, आणि शाळेतून आलेले आमचे काळे बूट नेमके तिथेच, भिंतीला टेकून उभे असायचे. ऊब सगळी आत होती. सोलं आणि सुकी मासळी चुलीवर टांगलेल्या बांबूच्या ताटीवर विसावलेली असायची. शेजारच्या घरात बाळंतीण असली तर तिच्या बाळाची दुपटी शेगडीवर पालथ्या घातलेल्या टोपलीवर वाळायची. बुटांना मात्र या उबेत वाटा नव्हता. चामड्याची वस्तू चुलीजवळ आणायची नाही, ही शिस्त थोडी स्वच्छतेची होती आणि पुष्कळशी जातीच्या जुन्या कल्पनांची. तिची किंमत आमचे पाय मोजत होते, असं मला आज स्पष्ट वाटतं.

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जुलैतल्या हवेचा एक घनमीटर घेतला तर त्यात पंचवीसेक ग्रॅम पाण्याची वाफ असते. त्या तापमानाला हवेला त्याहून जास्त वाफ पेलतच नाही. अशा हवेत बूट रात्रभर ठेवा नाहीतर आठवडाभर, त्यातलं पाणी जाणार कुठे? वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभराने ते ओले झाले की काढून नवे कोंबायचे, झोपण्यापूर्वी आणखी एकदा बदलायचे. कागद पाणी ओढून घेतो एवढाच त्याचा उपयोग. ते पाणी हवेत सोडायचं काम बाकीच राहायचं. सकाळी बूट थेंब गाळत नसायचे, पण आत हात घातला की अस्तर गार आणि चिकट लागायचं. त्यावर पांढरे मोजे. मग दिवसभर तेच पाय तशाच ओलीत, बाकाखाली.

शाळेला बूट सक्तीचे होते. ओले बूट काढून ठेवायला शाळेत एक फळीसुद्धा नव्हती. ज्या गावात चार महिने पाऊस कोसळतो तिथल्या शाळेने पावसाचा विचारच करू नये, याचं तेव्हा मला नवल वाटलं नाही. ते नवल वाटायला मला फार दूर जावं लागलं.

पावसाळा अर्धा झाला की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या. कातडी पांढरी पडायची, सोलायची, आणि रात्री खाजेने झोप यायची नाही. आजी मेंदीचा पाला वाटून लावायची. आई वेगळं करायची. ती आरोग्यसेविका होती. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट जांभळ्या पाण्यात पाय बुडवायला लावायची आणि नंतर जुन्या सुती कापडाने एकेक बेचकं कोरडं करायची. औषधापेक्षा हे कोरडं करणं महत्त्वाचं, असं ती म्हणे. लावणीच्या दिवसांत वाड्यांवरून येणाऱ्या बायकांचे पाय ती रोज बघत असे. दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या त्या बायकांना बूट नव्हते, मोजे नव्हते. रात्री चुलीशी पाय शेकणं हाच त्यांचा इलाज होता.

वाळवणं ही एक विद्या आहे, हे मला आईच्या हातमोज्यांनी शिकवलं. १९८० च्या दशकात गावाकडच्या उपकेंद्रात रबरी हातमोजे एकदा वापरून टाकून देत नसत. बाळंतपण झालं की ते साबणाच्या पाण्यात धुवायचे, पाणी भरून कुठे भोक आहे का ते बघायचं, मग दोरीवर चिमट्यांनी लावायचे. बाहेरची बाजू वाळली की ते उलटे करायचे. मनगटाकडची कड धरून हवा आत कोंडायची, मोजा गरकन फिरवायचा आणि दाबायचा, की पाचही बोटं फटाफट बाहेर यायची. हे मला फार आवडायचं आणि आई ते मला करू द्यायची. पुन्हा वाळवायचे, आतबाहेर पावडर लावायची, फडक्यात गुंडाळायचे आणि वाफेने निर्जंतुक करायचे. पावसाळ्यात या सगळ्याला दोन-दोन दिवस लागत. तळवा आधी वाळतो, मनगट त्याच्याही आधी, आणि बोटांची टोकं सगळ्यात शेवटी. कारण तिथे हवा जाते पण फिरत नाही. बाळंतपणाचा निरोप रात्री कधीही येई, म्हणून एक जोड कोरडा आणि तयार हवाच, ही तिची धडपड असे. आमचे बूट आणि तिचे हातमोजे एकाच वेळी ओले असले तर पहिला नंबर हातमोज्यांचा. तिची स्वतःची चप्पल कधी वाळलेली मी पाहिली नाही.

पुढे कराडला वसतिगृहात टेबलफॅनसमोर बूट आडवे ठेवायचे, एवढंच त्या वर्षांतलं सांगण्यासारखं. चामड्याच्या बुटांचा तळ कुणाच्या तरी हीटरपुढे सुटून आलेलाही तिथेच पाहिला. चामडं ओलं असताना कोरड्या चामड्यापेक्षा फार कमी उष्णतेला आकसतं, आणि एकदा आकसलं की परत येत नाही. तळ चिकटवलेला गोंदही मऊ पडतो. सावंतवाडीत बाजारपेठेत बूट शिवणारे एक काका होते, ते हेच सांगायचे, “आगीजवळ ठेवू नको गो, चामडा फाटात.” वाळवायला उष्णता लागते, पण थोडीच. जास्त लागतो तो वारा आणि वेळ.

लग्नानंतर गोथेनबर्गला आले. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे बंदर पावसासाठी त्या देशात प्रसिद्ध आहे, पण वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरांच्या आसपास. मला तो पाऊस ओळखीचा वाटला नाही. खरा त्रास हिवाळ्याचा निघाला. इथला हिवाळा शून्य अंशाच्या अवतीभोवती रेंगाळतो. उणे पंधराला बर्फ पिठासारखा कोरडा असतो, झटकला की बुटांवरून पडतो. शून्याला मात्र रस्त्यावर बर्फ, पाणी, वाळू आणि मीठ यांचा राडा होतो. तो शिवणीतून आत शिरतो, आणि चामड्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उठतात. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पटींनी जास्त उष्णता वाहून नेतं. म्हणून उणे पंधरातल्या कोरड्या मोज्यापेक्षा शून्यातला ओला मोजा जास्त छळतो. पाय बिघडायला पाणी गोठावंच लागतं असं नाही. पहिल्या महायुद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात फ्लँडर्सच्या खंदकांत हजारो सैनिकांचे पाय निव्वळ थंड ओलीने सडले. त्यानंतर मोजे रोज बदलायचे आणि पायांना व्हेलचं तेल चोळायचं, असे हुकूमच निघाले. त्या खंदकांत हिंदुस्थानातून नेलेले शिपाईही होते.

भाषा जमेपर्यंत काही वर्षं गेली आणि मग मला एका बालशाळेत काम मिळालं. इथे मुलं रोज बाहेर खेळतात. पाऊस, बर्फ, चिखल, काहीही असो. तासाभराने आत येतात ती निथळतच. आणि दाराच्या आत, कोटांच्या खुंट्यांशेजारी, माणसाच्या उंचीचं एक लोखंडी कपाट असतं. वर दांड्या, त्यावर कपडे. खाली तिरपे खुंटे, त्यांवर पालथे बूट. दारावर बोटांएवढ्या सळ्यांची रांग, प्रत्येक सळीवर एक हातमोजा. बटण फिरवलं की पंखा गरम हवा खालून वर नेतो आणि ओली हवा नळीतून बाहेर जाते. दीड-दोन किलोवॅट वीज घेतं, पण दुपारच्या खेळापर्यंत वीस मुलांचं सगळं सामान कोरडं. पहिल्या दिवशी माझ्या सहकारी बाईंनी ते मला दाखवलं ते पाण्याचा नळ दाखवावा इतक्या सहज. मी मात्र त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. मूल भिजणार हे या इमारतीने आधीच धरून ठेवलं होतं. भिजल्याबद्दल त्याला कुणी बोलणार नव्हतं, आणि त्याच्या आईला रात्री कागदाचे बोळे बदलत बसावं लागणार नव्हतं. माझ्या शाळेत काय नव्हतं, ते मला तिथे कळलं.

घरी आम्ही छोटं यंत्र घेतलं, फक्त बूट-हातमोज्यांचं. एक बुटकी पेटी, तिच्यात मंद तापणारी तार, वर चार उभ्या नळ्या. नळीवर बूट पालथा घालायचा. तापलेली हवा हलकी होऊन आपोआप वर चढते, थेट चवड्यापर्यंत पोचते आणि ओल घेऊन काठावरून बाहेर पडते. पंखा नाही, त्यामुळे आवाजही नाही. पंख्याची यंत्रंही मिळतात, ती तास-दोन तासांत काम करतात. पण चामड्याला हे सावकाश वाळणं मानवतं. नळीतून निघणारी हवा हाताला जेमतेम कोमट लागते. आमचं यंत्र चाळीस वॅटचं आहे, जुन्या पिवळ्या बल्बइतकं. आठ तास चाललं तर ३२० वॅट-तास, म्हणजे एका युनिटचा तिसरा हिस्सा. एवढ्या उष्णतेत, काही वाया गेली नाही असं धरलं तर, साडेचारशे ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ होऊ शकते. हा हिशेब मी केला तेव्हा मला त्या पेटीबद्दल खरा आदर वाटला. आगीने जे बिघडायचं, ते ती रात्रभराच्या धीराने नीट करते.

माझी मुलगी तिच्या संघाची गोलरक्षक आहे. तिचे हातमोजे मात्र या नळ्यांवर घालत नाही. तळव्यावरचं लेटेक्स उष्णतेने तडकतं. ते नुसते दोरीवर, वाऱ्यावर. दोरीला चिमटा लावताना माझी बोटं काय करायचं ते आपोआप करतात.

आई निवृत्त झाल्यावर आमच्याकडे आली ती जानेवारीत. पहिल्याच संध्याकाळी बाहेरून आलो आणि मी तिचे बूट नळ्यांवर चढवले. तिने आधी बूट घराच्या आत आलेले पाहिले, मग नळी, मग हातमोज्यांची टोकं चाचपली. “बोटांपर्यंत जाता गो हवा?” तिने विचारलं. मग लगेच, “वीज किती जाता?” मी आकडा सांगितला. सकाळी तिने सुक्या बुटात हात घातला, पुन्हा चवड्यापर्यंत नेला, आणि म्हणाली की लावणीच्या बायकांना रात्री अशी एक जागा असती, तर तिच्या औषधाच्या निम्म्या बाटल्या वाचल्या असत्या. आपल्याकडे हल्ली सफाई कामगारांना गमबूट आणि हातमोजे मिळतात, मिळायलाच हवेत. पण रबराचा बूट आतूनही भिजतो. दोन पायांत मिळून अडीच लाखांच्या आसपास घामाच्या ग्रंथी असतात आणि रबरातून घाम बाहेर जात नाही. आई आता राहते त्या गल्लीत झाडायला येणाऱ्या ताईंनी मला सांगितलं, की सकाळी हातमोजे आदल्या दिवशीइतकेच ओले असतात, म्हणून त्या ते घालत नाहीत. वस्तू दिली, तिला वाळायला जागा दिली नाही. मग ती खुंटीवरच राहते, आणि त्या बाईंनाच निष्काळजी ठरवलं जातं. याचा मला राग येतो.

आई परत गेली ती डोक्यात एक काम घेऊन. माझा भाचा जातो त्या शाळेत तिने मुख्याध्यापिकांना गाठलं. वर्गात अनवाणी बसू द्या, बूट दाराशी वाळू द्या, एवढंच मागणं. बूट वाळवायला मधल्या अडगळीच्या खोलीची परवानगी मिळाली आहे. लोखंडी कपाट परवडणारं नाही, म्हणून सुताराकडून मांडणी करून घ्यायची, खाली एक छोटा ब्लोअर. ओली जमीन आणि मुलं म्हटल्यावर विजेची गळती होताच ती तोडणारा ब्रेकर बसवल्याशिवाय काही सुरू करायचं नाही, हे मी बजावलं आहे. पावसात वीज सारखी जाते, तेव्हा नुसत्या वाऱ्यावरही काही वाळेल अशी खिडकीसमोरची भिंत निवडली आहे. नळ्यांसाठी मी बांबू सुचवला तर सुतारकाकांनी आईला सांगितलं, की आपल्याकडचा माणगा भरीव असतो, तो चालायचा नाही. पोकळ कळक बघून घेऊ आणि पेरं आतून फोडू. पहिलीच्या मुलांच्या बुटांना वीतभर उंचीची कांडी पुरते, सातवीच्या मुलांना जास्त लागेल. मापं घ्यायला आई येत्या सोमवारी पुन्हा शाळेत जाणार आहे. मी तिला प्रत्येक इयत्तेतला एकेक बूट मागून घ्यायला सांगितलं आहे.