आरंभशूर

काही शब्द चांगल्या घरात जन्माला येतात आणि पुढे बदनाम होतात. आपला 'आरंभशूर' हा शब्द त्यांपैकीच. सुटा करून पाहिला तर त्यात वाईट असे काय आहे? आरंभ ही शुभ गोष्ट, आणि शौर्याला तर कोणीच नावे ठेवणार नाही. पण दोघांचा समास झाला की लगेच एक उपहासाचे हसू उमटते. संस्कृतातल्या एका जुन्या वचनाने हा दोष सरसकट आपणा दाक्षिणात्यांच्या माथी मारून ठेवला आहे. एक जानेवारीला पहाटे फिरायला निघणारे आणि चार जानेवारीला पांघरूण डोक्यावरून ओढून घेणारे गृहस्थ आरंभशूर. जूनमध्ये पहिल्या बाकावर बसून नव्या वहीला सुबक वेष्टण घालणारी आणि ऑगस्टपासून उपाहारगृहातच भेटणारी आमची विद्यार्थी मंडळीही आरंभशूर. वीस वर्षे मराठी शिकवताना हा शब्द मी किती जणांना बहाल केला असेल, त्याची गणती नाही.

पण वाचकहो, या जगात एक खेळ असा आहे की त्यात आरंभापलीकडे फारसे काही नाहीच. तो खेळणाऱ्याने आरंभशूर होण्यासाठीच जिवाचे रान करायचे असते. त्याचे नाव ड्रॅग रेसिंग. एक सरळ रस्ता, त्यावर शेजारीशेजारी दोन मोटारी, आणि अंतर बहुधा पाव मैल, म्हणजे १३२० फूट. वळण नाही, चढ नाही, उतार नाही. साधी स्पोर्ट्‌स कार असेल तर बारा-चौदा सेकंदांत सगळा कारभार आटोपतो. आपल्याकडे तेवढ्या वेळात कपातला चहा बशीत ओतून त्यावर फुंकर घालूनही होत नाही.

या खेळाशी माझी गाठ पडली ती कॅलिफोर्नियात, ताईच्या घरी. सुट्टीत मी तिच्याकडे गेले तेव्हा घरात एक अबोल तंटा चालू होता. ताईचा मुलगा चोवीस वर्षांचा, संगणकाच्या कामात हुशार. स्वतःच्या पगारातून त्याने २००२ सालची एक जुनी कॉर्व्हेट घेतली होती. पुढे लांबलचक नाक, आत आठ सिलिंडरांचे एंजिन, साडेतीनशे घोड्यांची ताकद. "घोडे साडेतीनशे आणि बसायला माणसे दोन!" असे ताईचे त्या गाडीविषयीचे एकंदर मत. पण खरे दुखणे निराळे होते. एका रात्री लाल दिव्यापाशी शेजारच्या कोणा पोराने एंजिन गुरगुरवले, आमच्या चिरंजीवांनी त्याला उत्तर दिले, आणि दिवा हिरवा होताच दोघे सुटले. पुढच्या चौकात पोलिस उभे होते. दंडाची चिठ्ठी घरी आली. त्या दिवसापासून मुलगा गाडी घेऊन बाहेर पडला की तो परत येईपर्यंत ताईच्या घशाखाली घास उतरेना.

"तू एवढ्या पोरांना शिकवतेस," ताई मला म्हणाली, "याला समजाव की."

मी भाच्यापाशी विषय काढला, तेव्हा तो हसून म्हणाला, "मावशी, खुशाल समजाव. पण आधी बुधवारी संध्याकाळी माझ्याबरोबर चल."

त्या बुधवारी आम्ही सोनोमाला गेलो. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेचा हा प्रदेश आपल्या नाशिकासारखा द्राक्षांचा मुलूख. आजूबाजूला वाळलेल्या गवताच्या पिवळ्या टेकड्या, समुद्राकडून येणारा बोचरा वारा, आणि टेकड्यांच्या कुशीत मोटारींच्या शर्यतीची पट्टी. वाहन चालवण्याचा परवाना, सुस्थितीतली गाडी आणि प्रवेशाचे पैसे एवढे असले की कोणीही आपली मोटार घेऊन रांगेत उभे राहावे. पोलिसांचा प्रसंग घडल्यानंतर भाच्याला हा पत्ता कोणीतरी सांगितला होता. त्याची ही पहिलीच खेप.

हा पत्ता सांगणाऱ्याने त्याला नकळत एका जुन्या वाटेवर आणून सोडले होते. या खेळाचा जन्मच मुळी ताईसारख्या आयांच्या धास्तीतून झाला, असे म्हटले तरी चालेल. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली तरुण पोरे जुन्या मोटारींची एंजिने सुधारून रस्त्यांवर शर्यती लावू लागली आणि लोकांच्या तोंडचे पाणी पळाले. १९५० साली सांता आना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर या शर्यती तिकीट लावून, रीतसर सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स या गृहस्थांनी देशभरासाठी संस्था स्थापन करून नियम घातले. ते एका मोटारविषयक मासिकाचे संपादक होते. संपादकाच्या हातून असेही काही विधायक घडते, हे दिवाळी अंकात नमूद करायला हरकत नाही. पोरांची हौस मोडायची नाही, तिला रस्त्यावरून उचलून कुंपणाच्या आत आणायचे, एवढाच त्यांचा विचार. पुढे १९८४ साली फ्लोरिडातल्या काही पोलिसांनी तर स्वतःच गाड्या उतरवल्या आणि पोरांना आव्हान दिले, की शर्यत लावायची तर आमच्याशी लावा, पण रस्त्यावर नको, पट्टीवर!

आता पट्टीवरचा विधी सांगते. सुरुवातीच्या रेषेपाशी जमिनीलगत दोन प्रकाशकिरण आडवे सोडलेले असतात, एकमेकांपासून सात इंचांवर. पुढच्या चाकाने पहिला अडवला की एक लहान दिवा लागतो, दुसरा अडवला की दुसरा. गाडी अगदी मुंगीच्या पावलाने पुढे न्यायची, म्हणजे ते जमते. समोर दिव्यांचा एक खांब असतो. १९६३ पासून वापरात असलेल्या या खांबाला तिकडे 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. त्यावर अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने तीन पिवळे दिवे उतरत येतात आणि मग हिरवा. त्याआधी सुटलात तर लाल.

मात्र यात एक मौज आहे. धावेचे घड्याळ हिरव्या दिव्याबरोबर सुरू होत नाही. तुमचे चाक त्या किरणातून बाहेर पडते तेव्हा ते सुरू होते. दिवा हिरवा झाल्यावर तुम्ही रुमाल काढून घाम पुसलात तरी तुमची वेळ बिघडत नाही. घड्याळ तुमच्यासाठी थांबून राहते. शर्यत जिंकायची तर दिव्याकडे डोळे हवेत. पण शिकणाऱ्याने आधी दिवा विसरायचा, शेजारच्यालाही विसरायचे. धाव संपली की परतीच्या वाटेवर एका खिडकीतून कागदाची चिठ्ठी मिळते. साठ फुटांवर किती वेळ लागला, तीनशे तीस फुटांवर किती, शेवटी किती, शेवटचा वेग काय, सगळे त्या चिठ्ठीत असते.

भाच्याची पहिली धाव मी बाकावर बसून पाहिली. एंजिन मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांवर चढवून त्याने क्लच एकदम सोडला. केवढा तो आवाज! मागची चाके किंचाळली, धुराचा लोट उठला, गाडीचे बूड डावी-उजवीकडे हलले. माझ्या पोटात गोळाच आला. शेजारच्या पट्टीवर बाजारहाटाच्या मोठ्या मोटारीत एक पोक्त बाई होत्या. त्या कसलाही गाजावाजा न करता निघाल्या आणि थोडा वेळ चक्क आमच्या पुढे होत्या! नंतर अर्थात कॉर्व्हेट गेली पुढे. पण चिठ्ठ्या हाती आल्या तेव्हा पहिल्या साठ फुटांना भाच्याला लागले होते २.७१ सेकंद आणि बाईंना २.५०. बायकांना या खेळाचे वावडे नाही, हे तिकडे केव्हाच सिद्ध झाले आहे. सर्वांत वेगवान वर्गाचे राष्ट्रीय अजिंक्यपद १९७७ साली शर्ली मल्डाउनी या बाईंनी मिळवले, आणि पुढे १९८० व १९८२ सालीही. तरीही बाजारहाटाच्या मोटारीने साठ फूट मागे टाकावे, हे भाच्याच्या जिव्हारी लागले.

दुसऱ्या खेपेला त्याने उलट टोक गाठले. एंजिन जेमतेम हजारावर ठेवून क्लच सोडला. झोपेतून उठवलेल्या माणसासारखी गाडी दचकली, घुसमटली आणि मग चालू लागली. साठ फुटांना २.५२.

आमच्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ आपली जुनी मालमोटार घेऊन आले होते. ते बराच वेळ नुसते पाहत होते. मग स्वतःहून जवळ आले आणि एखाद्या जुन्या मास्तरांनी वही तपासावी तशी त्यांनी भाच्याची चिठ्ठी तपासली. खालच्या आकड्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. साठ फुटांच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "तुझी शर्यत इथेच संपते. इथे एक दशांश वाचवलास, तर शेवटी दीड-दोन दशांश मिळतील."

मग त्यांनी पाठ दिला. मागच्या चाकांतली हवा थोडी कमी कर. रेषेआधी पाण्याचे जे डबके केले आहे ते गुळगुळीत शर्यती टायरवाल्यांसाठी आहे. ते त्यात चाके फिरवून टायर तापवतात. तुझ्या टायरला खाचा आहेत, त्यांतून पाणी रेषेपर्यंत जाईल, म्हणून वळसा घालून ये. दोन हजार फेऱ्यांच्या आसपास थांब. आणि क्लच म्हणजे विजेचे बटण नव्हे. तो अर्ध्यावर आणायचा, गाडी हलली असे वाटले की क्षणभर तिथेच धरायचा, मग पूर्ण सोडायचा. उजवा पाय त्याच्या मागोमाग हळू खाली न्यायचा.

"पण हळू निघालो तर उशीर नाही का होणार?" भाच्याने विचारले.

म्हातारबोवा म्हणाले, "धूर निघतो तेव्हा एंजिन टायर जाळत असते, गाडी ओढत नसते."

त्यातले मर्म भाच्याने मला वाट पाहताना समजावून दिले. चाक नीट गडगडत असते तेव्हा जमिनीला टेकलेला त्याचा भाग त्या क्षणापुरता जमिनीवर जवळजवळ स्थिरच असतो. त्या टेकण्यातूनच गाडीला पुढे जाण्याचा जोर मिळतो. किंचितशी घसरण टायरला मानवते. फार झाली की पकड सुटते. शिवाय गाडी निघताना तिचा भार मागच्या चाकांवर सरकतो आणि त्यांची पकड वाढते. पण त्यासाठी भाराला सरकायला पळभर वेळ द्यावा लागतो. तो न देता जो जोर करील, त्याचा जोर वाया. आपल्या बायकांनी हे शास्त्र 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' एवढ्यात केव्हाच बसवून टाकले आहे.

तिसरी धाव २.३८. चौथी २.२९. सूर्य टेकडीआड गेला, वारा वाढला, मी ताईची शाल घट्ट गुंडाळून घेतली. पाचव्या धावेला गाडी निघाली ती मला कळलीच नाही. किंचाळी नाही, धूर नाही. एक खोल हुंकार आला आणि गाडी रेषेवर नव्हती. बाकावरच्या बाकी लोकांचेही तिकडे फारसे लक्ष गेले नाही. भाचा चिठ्ठी घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा मात्र पाहण्यासारखा होता. साठ फूट २.१९, पाव मैल १३.७४. पहिल्या धावेला १४.६२ लागले होते. आणि गंमत अशी, की टोकाशी वेग पाचही वेळा ताशी एकशे चार मैलांच्या आसपासच. घोडे तेवढेच होते. त्यांना दावणीतून सोडण्याची रीत तेवढी बदलली होती.

"हल्ली नव्या गाड्यांत लाँच कंट्रोल असते," परतताना तो म्हणाला. "दोन्ही पेडल दाबायची, ब्रेक सोडायचा, बाकीचे संगणक बघतो. विजेच्या गाड्यांना तर क्लचच नाही. माझ्यापेक्षा कितीतरी झकास सुटतात."

"मग तशी का नाही घेत?"

"त्यात मी काय शिकलो असतो, मावशी?"

संगणकावर पोट भरणाऱ्या मुलाच्या तोंडून हे ऐकून मी गप्प बसले. ताईने सोपवलेले समजावण्याचे काम तसेच राहिले होते. मनात तोलून पाहत होते. रस्त्यावरच्या त्या रात्री त्याच्यापाशी काय होते? एक शेजारी, एक दिवा आणि आवाज. चाके किंचाळली की आपण जोरात निघालो असेच वाटणार. खोटे ठरवणारी चिठ्ठी तिथे कोण देतो? पोलिसांच्या चिठ्ठीने तो फार तर धास्तावला असता. पट्टीवरच्या चिठ्ठीपुढे मात्र त्याला ऐट मिरवता येईना, सबब सांगता येईना. आमच्या वर्गांतही पोरांना जून महिन्यात कोणी साठ फुटांचा हिशेब दिला तर? आम्ही देतो तो मार्चमधला, टोकावरचा.

गावात शिरताना लाल दिव्यापाशी थांबलो. शेजारी एक बुटकी काळी मोटार येऊन उभी राहिली. आतल्या पोराने आमच्या गाडीकडे पाहिले आणि एंजिन दोनदा गुरगुरवले. मी नकळत दाराची मूठ धरली. भाच्याचे हात चाकावर स्वस्थ होते. दिवा हिरवा झाला. काळी मोटार किंचाळत, धूर सोडत, शेपूट हलवत निघून गेली. आम्ही आपले सावकाश, चारचौघांसारखे निघालो.

चौक ओलांडल्यावर भाचा मान हलवून, खऱ्याखुऱ्या कळवळ्याने म्हणाला, "साठ फुटांना दोन पॉइंट आठ तरी लागले असतील बिचाऱ्याला."