स्वागताची जागा: जयपूरच्या सिटी पॅलेसमधील एक पाहणी

ऐतिहासिक वास्तूच्या आवारात अभ्यागत स्वागतकेंद्र, म्हणजे तिकीट, माहिती, पिण्याचे पाणी आणि घटकाभर टेकण्याची सोय एकत्र देणारी जागा, कोठे असावी, हे केवळ नकाशा समोर ठेवून ठरवता येत नाही, याचा प्रत्यय प्रस्तुत लेखकाला जयपूरच्या सिटी पॅलेसच्या पाहणीत आला. सवाई जयसिंग दुसरे यांनी १७२७ मध्ये वसवलेल्या या नगरीच्या मध्यभागी राजवाडा असून, त्याची रचना एकामागून एक येणारे चौक आणि त्यांना जोडणारे ‘पोल’, म्हणजे भव्य दरवाजे, यांनी बांधलेली आहे.

जंतरमंतरच्या बाजूने वीरेंद्र पोलमधून आत येणारे पर्यटक उन्हातून सावलीत येताच थबकतात, कोणी तिकीट चाचपतो, कोणी मागे राहिलेल्या सोबत्यांची वाट पाहतो, आणि त्यामुळे वाट जेथे सर्वांत अरुंद तेथेच खोळंबा होतो. पुढील प्रशस्त चौकात मात्र दुपारी मधली जागा मोकळी राहते आणि माणसे भिंतींच्या सावलीला सरकतात. स्वागतकेंद्र चौकाच्या मध्यभागी नव्हे, तर दरवाजालगतच्या कडेला हवे, हा निष्कर्ष या वावरातूनच निघतो.

याच चौकातील मुबारक महाल सवाई माधोसिंग दुसरे यांच्या काळात, १९०० च्या सुमारास, सर सॅम्युअल स्विंटन जेकब यांच्या आराखड्यानुसार परदेशी पाहुण्यांच्या स्वागतासाठी उभारला गेला आणि आज तेथे संग्रहालयाचे वस्त्रदालन आहे. स्वागत हे या जागेचे जुनेच काम असले, तरी राजाच्या पाहुण्याला सामोरे जाऊन आत नेणारी माणसे तेव्हा दिमतीला असत. आजचा पर्यटक स्वतःच वाट शोधतो. तो कोठे उभा आहे, राजेंद्र पोलपलीकडे सर्वतोभद्रात, म्हणजे खासगी दरबाराच्या मंडपात, काय आहे आणि तेथील चांदीच्या दोन प्रचंड गंगाजली, म्हणजे गंगाजलाच्या घागरी, माधोसिंगांच्या १९०२ च्या इंग्लंडप्रवासाशी कशा निगडित आहेत, हे सांगण्याचे काम आता मांडणीला करावे लागते.

ही मांडणी ‘परतवता येण्याजोगी’ असावी लागते. म्हणजे ती पुढे काढून घेतली तरी मूळ दगडावर किंवा ‘आराईश’वर, म्हणजे संगमरवराची पूड मिसळून घोटलेल्या चुन्याच्या गिलाव्यावर, खूण राहू नये. जयपूरच्या तटबंदीतील नगराला २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाल्यामुळे ही दक्षता अधिकच आवश्यक ठरते. म्हणून येथे नवी इमारत उभारण्यापेक्षा दरवाजालगतच्या छायेत भिंतीला खिळा न मारता उभी राहणारी बाके, फलक आणि तिकिटाची मेजे लावणे, आणि राजेंद्र पोलकडे जाणारी नजर कोठेही अडू न देणे, हाच मार्ग अधिक योग्य ठरतो.