सहा घरांची मंडळी



देगलूरच्या पलीकडे एका खेड्यात सहा ख्रिस्ती घरं आहेत. दर दोन महिन्यांनी सुलतान बाजारहून आमच्यापैकी दोघे-तिघे तिकडे जातात, आणि वर्षातून दोन-तीनदा पाळकसाहेबही सोबत असतात. इमलीबनहून पहाटेची बस, उतरल्यावर शेअर ऑटो, शेवटचा थोडा रस्ता पायी. यावर आमच्या कमिटीत सध्या एक प्रश्न निघाला आहे. एका भावाने सरळ हिशेब मांडला : सहा घरांसाठी एवढा खर्च कशाला? त्यांच्याकडे फोन आहेत. उपदेश रेकॉर्ड करून पाठवू, गीतं पाठवू, आणि वाचलेल्या पैशांत शब्बाथ शाळेच्या मुलांना पुस्तकं घेऊ.

हा प्रश्न वाईट मनाने विचारलेला नाही. शब्बाथ शाळा मीच घेतो, पुस्तकं मलाही हवी आहेत. म्हणूनच नुसतं 'नाही' न म्हणता जरा बसून विचार करावा असं वाटलं.

प्रेषितांच्या कृत्यांचा चौदावा अध्याय काढा आणि सोबत बायबलच्या मागचा नकाशा उघडा. पौल आणि बर्णबा पहिल्या फेरीच्या शेवटी दर्बेला पोहोचले आहेत. दर्बेहून पूर्वेकडे डोंगरातली खिंड उतरली की तार्स, म्हणजे पौलाचं स्वतःचं गाव. तिथून पुढे सूरियातलं अंत्युखिया, जिथून त्यांना पाठवलं होतं ते. घरी जाण्याची वाट समोर होती. हे दोघे मात्र पाठ फिरवून आले त्याच रस्त्याने मागे गेले. कुठे? लुस्त्रला, जिथे पौलाला दगडमार करून मेला समजून गावाबाहेर ओढत टाकलं होतं. इकुन्यला, जिथून दगडमाराचा बेत कळल्यावर पळावं लागलं होतं. आणि पिसिदियातल्या अंत्युखियाला, जिथून हद्दपार केलं होतं.

का गेले? तिथे मूठभर विश्वासणारे होते म्हणून. त्या परतीच्या वाटेवर या तीन गावांत मोठी सभा झाली, इतके हजार लोक आले, असं काही लूक सांगत नाही. शिष्यांची मनं स्थिर केली, विश्वासात टिकून राहा असं सांगितलं, प्रत्येक मंडळीत वडील नेमले, उपास आणि प्रार्थना करून त्यांना प्रभूच्या हाती सोपवलं. एवढंच. आजच्या भाषेत सांगायचं तर अहवालात लिहिण्याजोगं काहीच घडलं नाही.

पुढच्याच अध्यायात पौल पुन्हा बर्णबाला म्हणतो, चल, आपण ज्या ज्या गावी वचन सांगितलं तिथल्या भावांना जाऊन भेटू, ते कसे आहेत बघू. दुसऱ्या फेरीची सुरुवात अशी 'कसे आहेत बघू' या इच्छेतून झाली. (त्यावरूनच मार्काला न्यायचं की नाही यावर दोघांचं इतकं वाजलं की ते वेगळे झाले. आमच्या कमिटीचे वाद त्या मानाने बरेच म्हणायचे.)

आता आपल्याकडचं बघू. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि आमचं हैदराबाद एकाच राज्यात होतं, हे आपल्या मुलांना सांगावं लागतं. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद इथल्या माणसांची राजधानी म्हणजे हे शहर. सुलतान बाजारात मराठी पाट्या आणि मराठी वाचनालय आहे ते उगीच नाही. याच निजामाच्या मुलुखात जन्मलेले एक ब्राह्मण तरुण, नारायण शेषाद्री, मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही त्याच वाटेवर होता, पण तो लहान असल्याने प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाने मुलाला वडिलांच्या ताब्यात दिलं. त्या खटल्याने मुंबई ढवळून निघाली. घर आणि भाऊ दोन्ही गमावलेला हा माणूस मुंबईतच मोठ्या मानाने राहू शकला असता. इंग्रजी उत्तम, वक्तृत्व उत्तम. १८७३ साली न्यूयॉर्कमध्ये जगभरच्या इव्हँजेलिकल मंडळ्यांची परिषद भरली तिथेही ते बोलले.

मला मात्र न्यूयॉर्कपेक्षा जालन्याचे शेषाद्री जास्त जवळचे वाटतात. १८६० च्या दशकापासून जालना आणि भोवतालची खेडी हेच त्यांचं शेत झालं. विश्वासात आलेली माणसं बहुतेक मातंग समाजातली, गावकुसाबाहेर राहणारी, एकेका खेड्यात दोन घरं, चार घरं. जन्माने ब्राह्मण असलेला पाळक त्यांच्या ओसरीवर बसतो, त्यांच्या घरचं खातो, पुढच्या खेपेला परत येतो. त्या काळात उपदेशाआधी हेच लोकांना दिसत असणार. पुढे या विखुरलेल्या घरांना एकत्र राहता यावं, पोटापाण्याचा धंदा शिकता यावा म्हणून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. त्याला जमीन मिळाली ती पहिल्या सालारजंगांच्या कारकिर्दीत निजाम सरकारकडून. त्या दिवाणांची देवडी मुसीच्या पलीकडे होती, आमच्या इथून चालत जाण्याच्या अंतरावर. शब्बाथ शाळेतल्या मुलांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना आश्चर्य वाटतं. त्यांच्यासाठी देवडी म्हणजे चारमिनारला जाताना लागणारं एक नाव.

बेथेल वसवलं ते योग्यच केलं की माणसांना त्यांच्या गावातच राहू द्यायला हवं होतं, यावर दोन मतं असू शकतात. मला दुसरं मत पटतं. पण ज्याने त्या वस्त्या पायाखाली घातल्या त्याला हे सांगण्याचा अधिकार मला नाही.

त्याहून आधीचा एक माणूस आहे, गॉर्डन हॉल. १८१३ साली मुंबईत उतरलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकी एक. १८२६ च्या मार्चमध्ये पुस्तकं आणि औषधं घेऊन नाशिकच्या बाजूला गेला तर तिथे पटकीची साथ. जवळची औषधं लोकांना देऊन संपली, आणि परतीच्या वाटेवर २० मार्चला त्याच रोगाने तो गेला. बेचाळीस वर्षंही पुरी झाली नव्हती, म्हणजे साधारण माझ्याच वयाचा. जाणं स्वस्त कधीच नव्हतं.

कुणी म्हणेल, तेव्हा फोन नव्हते. खरं आहे. आणि आवाज पाठवण्याला मी विरोध करत नाही. आपल्या मराठी मंडळीने तर हे फार पूर्वी ओळखलं होतं की उपदेशक निघून गेल्यावर गावात काहीतरी राहिलं पाहिजे. अहमदनगरकडे कीर्तनाच्या चालीवर ख्रिस्तकथा सांगायला सुरुवात झाली ती म्हणूनच. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर पुढच्या चोवीस वर्षांत गीतं आणि अभंग रचले ते ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं त्यांच्याही तोंडात बसले. आमच्या त्या सहा घरांत एक आजी आहेत, त्यांना सही येत नाही, पण 'उपासना संगीत' मधली टिळकांची गीतं पहिल्यापासून शेवटपर्यंत येतात. मला मधलं कडवं चुकलं तर त्या थांबवतात. तेव्हा गीतं जरूर पाठवा.

पण पौलाची पत्रंसुद्धा कुणीतरी हातात घेऊन गेलं होतं. तुखिक गेला, एपफ्रदीत गेला, बहीण फिबी होती. आणि योहानाचं दुसरं आणि तिसरं पत्र, दोन्हींचा शेवट काढून बघा. लिहायचं पुष्कळ आहे, पण शाई-लेखणीने नको. भेट होईल तेव्हा तोंडोतोंड बोलू, असं तो म्हातारा वडील दोन्हीकडे सांगतो. त्या काळी कागद आणि शाई म्हणजेच आजचा फोन. ते साधन त्याच्या हातात होतं, आणि ते हातात असतानाच तो म्हणतो की हे पुरेसं नाही.

खेड्यात गेल्यावर प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. उपासना तासाभराची. बाकीचा दिवस घरोघरी. एका घरी मुलगा पुण्याकडे कामाला गेलाय, चार महिने पैसे नाहीत, फोन उचलत नाही. दुसरीकडे सुनेचं बाळंतपण जवळ आलंय. तिसऱ्या घरातले दोघे भाऊ विहिरीच्या पाण्यावरून एकमेकांशी बोलत नाहीत, आणि सहा घरांत दोन घरं अबोल झाली की मंडळीच संपते. हे रेकॉर्ड केलेल्या उपदेशाला कळत नाही. प्रभुभोजन तर पाळकसाहेब स्वतः गेल्याशिवाय नाहीच, ते मला देता येत नाही आणि फोनलाही देता येत नाही. गावातले इतर लोक विचारतात, कशाला आलात? आम्ही सांगतो, आमची माणसं आहेत, भेटायला आलो. दारं उघडी ठेवून प्रार्थना होते. ज्याला बसायचंय तो बसतो.

तिथे एक काका आहेत, साठी ओलांडलेले. त्यांच्याकडे शाळेची जुनी वही आहे. तीत आमच्या शब्बाथ शाळेतल्या मुलांची नावं लिहिलेली आहेत. एकदा गप्पांत त्यांनी विचारली, आम्ही सांगितली, त्यांनी लिहून घेतली. रोज पहाटे चार-पाच नावं घेऊन प्रार्थना करतात. मागच्या खेपेला बसतो न बसतो तोच म्हणाले, "त्या धाकट्या पोराचं ऑपरेशन कसं झालं हो?" ज्या मुलाला त्यांनी पाहिलेलं नाही, त्याचं! पौल रोमकरांना लिहितो की मला तुमच्याकडे यायचंय, तुम्हाला काही द्यायला, आणि मग जणू सावरून म्हणतो, म्हणजे तुमच्या-माझ्या विश्वासाने दोघांनाही उत्तेजन मिळावं म्हणून. हे वाक्य मला त्या वहीपाशी समजलं. पुस्तकांच्या पैशांबद्दल माझं मत एवढंच आहे की ते नाताळच्या रोषणाईतून काढावेत. दिव्यांच्या माळा गेल्या वर्षीच्याही चालतात.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण फिरत्या उपदेशकांची नावं बद्दू झालीत ती काही अगदी विनाकारण नाही. गाडी घेऊन येणारे, ध्वनिक्षेपक लावणारे, आजार बरा करतो म्हणून सांगून औषध बंद करायला लावणारे, आणि गरिबाच्या कोंबडीवर जेवून पाकीट घेऊन जाणारे आपण सर्वांनी पाहिलेत. हेही नवं नाही. 'डिडाखे' नावाचं आद्य मंडळीचं एक छोटं नियमपुस्तक आहे. १८७३ साली, म्हणजे शेषाद्री न्यूयॉर्कला गेले त्याच वर्षी, त्याची जुनी प्रत कॉन्स्टँटिनोपलला सापडली. त्यात फिरत्या प्रेषिताला प्रभूसारखं स्वीकारा असं सांगून लगेच अट घातली आहे : त्याने एक दिवस राहावं, गरज असेल तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तर तोही खोटा. इतका साधा, घरच्या बाईने केल्यासारखा नियम! आम्ही तो जवळजवळ तसाच धरला आहे. गावात दान गोळा करत नाही, भाडं सुलतान बाजारहून, औषधाबद्दल प्रश्न आला की डॉक्टरकडे चला, मी सोबत येतो, एवढंच उत्तर.

आणि योहानाचं तिसरं पत्र खरं तर याच एका विषयावरचं पत्र आहे. अनोळखी भाऊ फिरत येतात. गायस त्यांना घरात घेतो, पुढच्या वाटेची सोय करून देतो. दियत्रफेस घेत नाही, घेणाऱ्यांनाही अडवतो, कारण त्याला पुढारपण आवडतं. उपदेशकांनी काय उपदेश केला ते त्या पत्रात कुठेच नाही. दार कोणी उघडलं आणि कोणी लावलं, हे मात्र आहे.

आमचा गायस म्हणजे त्या खेड्यातली एक विधवा बहीण. दीड खोलीचं घर, पण आम्ही यायच्या आदल्या दिवशी ती ओसरी सारवून ठेवते. निघताना डब्यात ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देते, आणि रिकामा डबा पुढच्या खेपेला परत आणायचा अशी तिची सक्त ताकीद असते. तो डबा आत्ता माझ्या स्वयंपाकघरात, धुऊन, दाराजवळच्या फळीवर ठेवलेला आहे.