नाक्यावरचा भाव

सकाळी साडेसातला कोलाड नाक्यावर चहाला उभे राहिलात तर तासाभरात निम्मा हिंदुस्थान भेटतो. धाटावच्या एमआयडीसीकडे निघालेले बिहारी, फरशीवाले राजस्थानी, सेंट्रिंगवाले बंगाली. आणि थोडे बाजूला, कोयते घेऊन बसलेले आमचेच कातकरी.

बंगाली म्हटले की हल्ली पुढचा प्रश्न ठरलेला : इकडचा की पलीकडचा? आमच्या निवृत्तांच्या कट्ट्यावर तर निकालही लागलेला आहे, बांगलादेशींनी आपल्या पोरांचा रोजगार खाल्ला. आता उत्तरपत्रिका तपासण्यात हयात गेली, त्यामुळे कुणी नुसते उत्तर लिहिले की मी रीत शोधायला लागतो. सवयच ती!

कोकणाची पोरे बाहेरच्यांमुळे बेकार झाली हे म्हणणे जुने आहे. १९६६ साली शिवसेना निघाली तेव्हा बोट दाक्षिणात्यांकडे होते. १९९५ नंतर युतीच्या राज्यात ते बांगलादेशींकडे वळले. जुलै १९९८ मध्ये मुंबईहून कुर्ला-हावडा गाडीने सीमेकडे नेत असलेल्या लोकांना बंगालमध्ये उलुबेरियाला जमावाने सोडवून घेतले होते, तेव्हा पेपरांत केवढी राळ उडाली! पण आमच्याकडच्या घराघरांतली मनीऑर्डर थांबली ती गिरण्यांमुळे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढे गिरणीतले चाकरमानी गावी परतले. त्यात कुणा परदेशी माणसाचा हात नव्हता.

म्हणजे मग बेकायदा येणाऱ्यांचा मजुरीवर परिणाम होतच नाही का? तसेही नाही. १९८० साली क्यूबातून सव्वा लाख माणसे काही महिन्यांत अमेरिकेत आली. मायामी शहरातले कामकरी एकदम सात टक्क्यांनी वाढले. डेव्हिड कार्ड या अर्थशास्त्रज्ञाने १९९० मध्ये हिशेब मांडला, तर स्थानिकांची मजुरी फारशी पडलेली दिसली नाही. त्यांना २०२१ चे नोबेल मिळाले. पण बोर्हास नावाच्या दुसऱ्या अभ्यासकाने तेच आकडे वेगळ्या पद्धतीने पाहिले आणि सांगितले की शाळा अर्धवट सोडलेल्यांची मजुरी चांगलीच घसरली. विद्वानांचे भांडण अजून मिटलेले नाही. मला बोर्हासचा मुद्दा सोडवत नाही, कारण कोलाड नाक्यावर उभी राहणारी माणसे त्याच गटातली आहेत.

मात्र भाव नुसत्या संख्येने पडत नाही, असे मला दिसते. दोन वर्षांपूर्वी घराच्या गच्चीचे काम काढले होते. ठेकेदार म्हणाला, "गुरुजी, गाववाला गवंडी घेतला तर गणपतीत आठ दिवस गायब, लावणीला गायब. ही माणसं कुठं जात नाहीत." त्यांतल्या एकाला मी सहज विचारले, गाव कुठले? "मालदा," म्हणाला, आणि मी काही न मागता खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले आधार कार्ड काढून पुढे धरले. मी नुसता चहा विचारायला गेलो होतो हो!

२०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपार ढकलले गेले, आणि ते भारतीयच निघाल्यावर परत आणावे लागले. ही बातमी त्याच्यासारख्यांपर्यंत पोचली नसेल कशावरून? चोरून आलेल्याला परत पाठवायचा सरकारला पूर्ण अधिकार आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण धाड पडली की फोटो मजुराचा छापून येतो. त्याला स्वस्तात राबवणाऱ्याचा फोटो मी तरी फारसा पाहिलेला नाही.

उलट नेपाळी पहा. १९५० च्या तहामुळे त्यांना इथे येऊन काम करायला आडकाठी नाही. रत्नागिरीकडे आंब्याच्या बागांत, मच्छीमार नौकांवर ते आहेत. मालक पसंत पडला नाही तर दुसरीकडे जातात, आणि मालकही हे ओळखून असतात. आणि कातकरी? त्यांच्याइतका इथला दुसरा कोण? तरी पावसाळा संपला की उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर जातात, आणि उचल फिटेपर्यंत हलता येत नाही. वेठबिगारीविरुद्ध कायदा १९७६ साली झाला. असो.

माझा एक जुना विद्यार्थी सेंट्रिंगचे काम करतो. गेल्या पावसाळ्याआधी एका ठेकेदाराने त्याचे तीन आठवड्यांचे पैसे ठेवून घेतले. मला म्हणाला, "सर, तो मला परत बोलावणार नाही. मी पैसे मागतो ना. त्या लोकांचे बुडाले तरी ते गप्प बसतात." कामगार अधिकाऱ्यांकडे द्यायचा अर्ज मी लिहून दिला. त्याच कामावरच्या, त्यांचेही पैसे अडकलेल्या दोघा बंगाल्यांना साक्षीदार म्हणून सह्या करायला विचार, असे सुचवले. तो विचारून आला. दोघांनीही हात जोडले, आणि आठवड्याच्या आत ते कोलाड सोडून गेले. अर्ज एकाच सहीने गेला.