वर्गणी कुठून जाते

गेली कित्येक वर्षं मी लोकांना छाती फुगवून सांगत आलो, की आमच्या हॉलिडे क्लबची वर्षाची वर्गणी आम्हाला फुकट पडते. क्रेडिट कार्डाचे पॉइंट साठवायचे, त्यांची गिफ्ट कार्डं करून घ्यायची, वर्गणीचं बिल आलं की त्यातून भागवायचं. बँकेच्या खात्याला हात लावायचा नाही. मी हिशेब लिहिणारा माणूस. गोंदिया, आमगाव, गोरेगावकडच्या राइस मिलांची खाती माझ्याकडे असतात. त्यामुळे माझ्या तोंडून ‘फुकट’ ऐकलं की समोरच्याला ते खरंच वाटायचं.

आता मी तसं सांगत नाही. पॉइंट अजूनही साठवतो, कार्ड वापरतो, क्लबही सोडलेला नाही. फक्त पॉइंटांतून वर्गणी भरायची नाही, एवढंच ठरवलं आहे. आकडेमोडीने पाहिलं तर यात एका रुपयाचाही फरक पडत नाही. ते ठाऊक असूनही ठरवलं, म्हणून हे लिहायला बसलो.

ज्यांना या भानगडीची कल्पना नाही त्यांना थोडक्यात सांगतो. टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टातल्या खोलीवरचा वर्षातल्या काही दिवसांचा हक्क, तोही अनेक वर्षांसाठी विकत घेतलेला. युरोपात ही कल्पना साठच्या दशकातली. स्वित्झर्लंडची हापिमाग ही कंपनी 1963 मध्ये निघाली. आपल्याकडे 1986 मध्ये स्टर्लिंग आली, 1996 मध्ये महिंद्रा हॉलिडेज. 25 वर्षांचं सभासदत्व, वर्षाला 7 रात्री, आणि हंगामाप्रमाणे जांभळा, लाल, पांढरा, निळा अशी वर्गवारी, हे महिंद्राच्या क्लबमुळे मध्यमवर्गात बऱ्याच जणांना पाठ झालं. आमचा क्लब कोणता, ते सांगत बसत नाही. सभासदत्वाचे पैसे एकदाच द्यायचे, रोखीने नाहीतर हप्त्यांनी. पण दर वर्षी वेगळी वर्गणी असते, तिच्यावर 18 टक्के जीएसटी असतो. त्या वर्षी तुम्ही कुठे गेलात काय, न गेलात काय, ती द्यायचीच. थकली की बुकिंग बंद.

गोंदियाच्या माणसाने हे का घ्यावं, असं आमची बायको नागपूरच्या ज्या मॉलमध्ये आम्ही सभासदत्व घेतलं तिथेही म्हणाली होती. सह्याद्रीतली थंड हवेची ठिकाणं इथून राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. महाराष्ट्र एक्स्प्रेसने कोल्हापूर गाठायचं म्हणजे काय, ते त्या गाडीत बसलेल्यालाच माहीत. आम्हाला जवळचं म्हणाल तर बालाघाटवरून कान्हा; सकाळी निघालं तर मुक्की गेटकडे जेवायला पोहोचतो. आणि त्याहून जवळ, हाकेच्या अंतरावर, नागझिरा. व्यंकटेश माडगूळकर तिथे येऊन राहिले आणि अख्खं पुस्तक लिहून गेले. त्या जंगलाच्या उशाला राहून आम्ही सुट्टीसाठी वर्गणी भरतो, यावर आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा एकदा तरी हसतो. हसू दे. हप्ते फिटले होते, प्रश्न वर्गणीचा होता, आणि तिच्यावर माझ्याकडे पॉइंटांचा तोडगा होता.

तो तोडगा किती अवघड आहे, ते साध्या गुणाकारावरून कळेल. समजा वर्गणी 20,000 रुपये. जीएसटी धरून 23,600. ज्या कार्डावर खर्चाच्या 1 टक्का परत मिळतो, त्यावर एवढी रक्कम जमायला 23 लाख 60 हजारांचा खर्च करावा लागेल. साधी कार्डं तर 100 रुपयांवर एक पॉइंट देतात आणि एका पॉइंटाचे 25 पैसे धरतात. तिथे हाच आकडा 94 लाखांवर जातो. गोंदियात एवढा खर्च करणारे आहेत, पण ते माझ्यासारख्याकडे खाती लिहायला देणारे, मी नव्हे. मग पॉइंट जमवायचे तर दुसऱ्यांचे खर्च आपल्या कार्डावर ओढून आणायचे. शेजाऱ्यांच्या मुलाची कोचिंगची फी, चुलतभावाचं विमानाचं तिकीट, मिलच्या शेठच्या घरचा एसी. त्यांनी मला यूपीआयने पैसे पाठवायचे, मी कार्ड चालवायचं. बँकांच्या पोर्टलवरून घेतलेल्या व्हाउचरांवर कधी पाचपट, कधी दहापट पॉइंट असतात. कुठल्या महिन्यात कशावर काय आहे, हे मला तोंडपाठ असायचं. अन्न सुरक्षेच्या तांदळाचा कोटाही मी इतक्या निष्ठेने लक्षात ठेवला नसेल.

एकदा मेहुण्याला फ्रिज घ्यायचा होता. गोरेलाल चौकातल्या दुकानात गेलो. सौदा 40,000 वर ठरला. मी कार्ड पुढे केलं तसं दुकानदार म्हणाला, “साहब, कार्ड में दो परसेंट एक्स्ट्रा लगेगा. क्यूआर पे दे दो ना.” त्याचंही बरोबर होतं. यूपीआयवर जानेवारी 2020 पासून दुकानदाराला काही कापलं जात नाही. क्रेडिट कार्डावर दीड-दोन टक्के जातात. मेहुणा म्हणाला, “भाऊजी, राहू द्या, मी फोनवरून देतो.” पण मला पॉइंट हवे होते. मी वरचे 800 रुपये खिशातून दिले आणि कार्ड चालवलं. त्या खरेदीचे मला पॉइंट मिळाले 400 रुपयांचे. घरी येऊन डायरीत पॉइंटांच्या रकान्यात 400 लिहिले, 800 कुठेच लिहिले नाहीत. दुसऱ्या कुणाच्या वहीत अशी नोंद सापडली असती तर मी त्याला उभा-आडवा घेतला असता.

पॉइंट जमले तरी ते थेट वर्गणीत जात नाहीत. त्यांची गिफ्ट कार्डं करायची. बँका त्यासाठीही रिडम्प्शनची फी लावतात, तिच्यावरही जीएसटी. एका प्रीपेड गिफ्ट कार्डात 10,000 रुपयांहून जास्त रक्कम घालता येत नाही, ते पुन्हा भरता येत नाही, त्यातले पैसे रोख काढता येत नाहीत. रिझर्व्ह बँकेचे नियमच तसे आहेत. म्हणजे 23,600 साठी तीन कार्डं. क्लबच्या वेबसाइटवर एका वेळी एकच कार्ड चालणार, म्हणून सभासदांच्या कक्षाला फोन करून, रक्कम तुकड्यांत घ्या म्हणून विनवायचं. सोळा आकडे, पिन, मुदतीची तारीख, मोबाइलवरचा ओटीपी; मध्येच लाइट गेली की राउटर बंद. शेवटी एका कार्डात 70-80 रुपये उरायचे, ते कशालाच पुरायचे नाहीत. असली उरलेली कार्डं आमच्या कपाटात एका पाकिटात मुदत संपेपर्यंत पडून असत. पण ‘देय रक्कम : शून्य’ असं पडद्यावर दिसलं की जो आनंद व्हायचा, तो मला मिलची बॅलन्सशीट जुळल्यावरही झालेला नाही.

मन बदललं ते एका मेसेजमुळे. एका वर्षी बँकेने पॉइंटांची किंमत कमी केली आणि बरेच खर्च पॉइंटांच्या यादीतून काढले. भाडं, वॉलेट, असलं सगळं गेलं. वर्गणीची तारीख आली तेव्हा जेमतेम चौथाई रकमेचे पॉइंट होते. नाइलाजाने संयुक्त खात्यातून पैसे भरले. तो डेबिटचा मेसेज बायकोच्याही मोबाइलवर गेला. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “अहो, हे कशाचे गेले?” मी म्हटलं, क्लबचे. “एवढे? केव्हापासून एवढे?”

केव्हापासून, ते मला सांगता येईना. कोंड्याचा भाव गेल्या आठवड्यात काय होता हे विचारा, सांगतो. पण वर्गणी दर वर्षी कितीने वाढली, हे मी पाहिलंच नव्हतं. मी पाहत होतो ते पॉइंट किती लागले ते, आणि ते आकडे इतके वर-खाली होत, की त्यात वाढ दिसायचीच नाही. जुनी बिलं काढून बसलो. वाढ भयंकर वगैरे नव्हती, दर वर्षी थोडी थोडी. पण थोडी थोडी म्हणजे काय, ते चक्रवाढीला विचारावं. वर्षाला 6 टक्के धरले, तर पहिल्या वर्षीचे 20,000 पंचविसाव्या वर्षी 81,000 च्या घरात जातात. या सगळ्या काळात आमच्या घरात एकदाही ‘यंदा आपण जाणार आहोत का’ हा प्रश्न वर्गणी भरण्याआधी निघाला नव्हता. फुकटच्या गोष्टीला कोण विचारतो? काही वर्षं आम्ही गेलोच नाही. धान खरेदी लांबली, मुलीची परीक्षा आली, नाहीतर हव्या त्या तारखांना खोली मिळाली नाही. तरी कुणाला हळहळ वाटली नाही, कारण कुणाच्या खिशातून काही गेल्याचं दिसलंच नव्हतं.

या ‘फुकट’वरून आठवलं. आमच्या धंद्यात सरकारी भरडाई असते. पणन महासंघ किंवा आदिवासी विकास महामंडळ शेतकऱ्याचं धान घेतं, मिलला देतं. मिलने क्विंटलमागे 67 किलो अरवा तांदूळ परत द्यायचा. केंद्राचा भरडाईचा दर क्विंटलला 10 रुपये. बाहेरच्याला वाटतं, दहा रुपयांत हा माणूस मिल कशी चालवतो? कोंडा, कनकी, भुसा मिलकडे राहतो, त्यावर. कोंडा तेलाच्या प्लांटला जातो, भुसा बॉयलरला. पण तो कोंडा मिलवाल्याला फुकट मिळतो असं कुठलाच मिलवाला म्हणणार नाही. दर ठरताना तो मोजलेला असतो. कार्डाचे पॉइंट हा तसलाच कोंडा आहे. दुकानदाराच्या दोन टक्क्यांत तो असतो, म्हणून तो भावात धरतो. कार्डाच्या वार्षिक फीमध्ये असतो. आणि जे लोक पूर्ण बिल भरू शकत नाहीत, त्यांच्या महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपासच्या व्याजात असतो. वर्षाला 30 टक्क्यांवर व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये म्हटलं होतं. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. म्हणजे माझ्या वर्गणीचा काही भाग अशा कुणाच्या तरी थकलेल्या बिलातून येत होता, हेही ध्यानात घ्यायला हवं. त्याने माझी झोप उडाली, असं मात्र म्हणणार नाही.

हे सगळं मी एका मिलच्या शेठला सांगितलं. ते हसले. “साहेब, पैसा तो पैसा. पॉइंटातून वर्गणी भरून किराणा पगारातून घेतला काय, अन् पॉइंटातून किराणा घेऊन वर्गणी पगारातून भरली काय, हिशेब तोच ना?” हिशेब तोच, अगदी तोच. वर्गात हाच मुद्दा मी कॉमर्सच्या पोरांना शिकवला असता. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने माणसं मनातल्या मनात पैशाच्या वेगवेगळ्या पुरचुंड्या बांधतात आणि त्यामुळे कशी फसतात, हे दाखवून दिलं. 2017 चं नोबेल त्यांना मिळालं. अमेरिकेतल्या प्रेलेक आणि सिमेस्टर या दोघा प्राध्यापकांनी बास्केटबॉलच्या तिकिटांचा लिलाव करून पाहिला. कार्डाने पैसे द्यायचे असतील तर माणसं रोखवाल्यांच्या दुपटीपर्यंत बोली लावायला तयार होती. तिकीट तेच, सामना तोच.

माझं म्हणणं इतकंच, की पुरचुंड्या बांधण्याची खोड जाणार नसेल, तर कुठल्या पुरचुंडीतून काय द्यायचं हे तरी आपण ठरवावं. ज्या खर्चाची गरज मनापासून पटली आहे, तो पॉइंटांतून करायला हरकत नाही. तेल, साबण, मुलीचे बूट यांवर आमच्या घरात वाद होत नाही; ते पॉइंटांतून आले तर वाचलेले पैसे खरंच वाचतात. पण जो खर्च दर वर्षी आपोआप समोर येतो, जो एका दुपारी मॉलमध्ये कुणाच्या तरी गोड बोलण्यावर भाळून गळ्यात पडला आहे, आणि जो दर वर्षी थोडा वाढतो, त्याचा मेसेज बँकेच्या खात्यातून यायला हवा. दोघांच्या मोबाइलवर. टोचायला हवा.

आणखी एक कबुली द्यायला हवी. पॉइंटांची ती धावपळ मला आवडायची. निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला बँकेला दोन-चार हजारांनी हरवल्याचा जो कैफ चढतो, तो काही कमी नसतो. मेहुण्याचा फ्रिज त्या कैफातच घेतला होता. तो कैफ सोडायला मला वर्गणीपेक्षा जास्त जड गेलं, आणि अधूनमधून अजूनही दहापट पॉइंटांची जाहिरात आली की बोट आपोआप तिकडे जातं.

यंदा वर्गणीचं पत्र आलं तेव्हा घरात चांगला वाद झाला. बायकोचं मत, क्लब कुणाच्या तरी नावावर करून मोकळे व्हा, नागझिऱ्याला जाऊ, वन विभागाची खोली घेऊ. मुलीला हिमाचल पाहायचं आहे. ती म्हणाली, पैसे भरताय तर तारखा आत्ताच घ्या, एप्रिलात नाही म्हणाल. मी दोघींचं ऐकून घेतलं आणि प्रथमच, पैसे भरण्याआधी, फोन लावून विचारलं, की मे महिन्यात खोली आहे का. आहे म्हणाले. तेव्हा खात्यातून भरले. पुढच्या वर्षी नाही म्हणाले तर बायकोचं म्हणणं मान्य करायचं, असं कबूल करून घेतलं आहे, तिने माझ्याकडून.