बाईंचा अर्ज

आज बारामतीत बसून इंदापूरच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या कवितासंग्रहासाठी आयएसबीएनचा अर्ज भरला. प्रकाशक म्हणून त्यांचंच नाव. हा क्रमांक दिल्लीची राजा राममोहन रॉय संस्था विनामूल्य देते. तरी त्याचे पैसे मागणारे भेटतात, याचा मला संताप येतो.

याच बारामतीत मोरोपंतांना बाबूजी नाईकांचा आश्रय होता. आता पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं नवलेखक अनुदान आहे, पण वाड्यावस्त्यांवर लिहिणाऱ्यांना ते सांगायचं कुणी?

१९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पाठवावी लागते. हे ऐकून बाई म्हणाल्या, “माझ्या कविता तिथं जपून ठेवतील?” हो, बाई. पत्ताही लिहून ठेवलाय.