झावळीची राख

शेतकऱ्याचे वर्ष मृगाच्या पावसाने सुरू होते, विद्यार्थ्याचे शाळा उघडते त्या दिवशी. आम्हा कॅथलिक ख्रिस्ती लोकांचे उपासनेचे वर्षही असेच निराळ्या वेळी उजाडते. नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळ लागतो आणि नवे वर्ष सुरू होते. मग नाताळ, उपवासकाळ, ईस्टर असे एकामागून एक येत राहतात. धर्मगुरूंच्या वस्त्रांचा रंगही काळाप्रमाणे पालटतो. प्रतीक्षेला व प्रायश्चित्ताला जांभळा, आनंदाला पांढरा, हुतात्म्यांच्या स्मरणाला तांबडा, आणि एरवी भातशेतासारखा हिरवा!

लहानपणी या साऱ्या सणांत मला झावळ्यांचा रविवार फार आवडे. तो ईस्टरच्या आधीचा रविवार. येशू यरुशलेम नगरीत आला, तेव्हा लोकांनी खजुरीच्या फांद्या हाती घेऊन त्याचे स्वागत केले, त्याचे हे स्मरण. आमच्या वसईच्या वाडीत माड मुबलक. म्हणून आम्ही नारळाच्या झावळ्या नेत असू. आजोबा पहाटेच उठून कोवळ्या झावळीची पाती सोलीत आणि त्यांचे चिमुकले क्रूस विणीत. त्यांची राठ बोटे त्या वेळी किती हळुवार होत! आशीर्वादित झालेला क्रूस वर्षभर येशूच्या तसबिरीमागे राही.

मी दहा वर्षांचा असताना आजोबा पावसाळ्यात वारले. त्यांनी मला विणून दिलेला क्रूस मात्र तसबिरीमागे तसाच होता. हिरवा रंग जाऊन तो पिवळा पडला होता.

पुढे उपवासकाळ जवळ आला. ईस्टरच्या आधी ४६ दिवस येणाऱ्या राखेच्या बुधवारी त्याचा आरंभ होतो. मधले सहा रविवार वगळले, की उपवासाचे ४० दिवस होतात. त्या बुधवारी कपाळी लावायची राख गतवर्षीच्या झावळ्या जाळूनच करतात. म्हणून फादरांनी घरोघरच्या जुन्या झावळ्या मागविल्या. माझ्या छातीत धस्स झाले. मी हळूच क्रूस काढला आणि मराठीच्या पुस्तकात दडवून ठेवला.

आईच्या ते ध्यानात आले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “बाळ, आजोबांनी आपला क्रूस कधी ठेवून घेतला नाही हो. दर वर्षी स्वतः नेऊन देत.”

मी गप्प राहिलो. पण क्रूस दिला नाही. बुधवारी फादरांनी माझ्या कपाळावर राखेचा क्रूस रेखला. माणूस मातीचा आहे आणि मातीलाच मिळणार आहे, याची आठवण त्यांनी दिली. वाडीतल्या प्रत्येक घरची झावळी त्या राखेत होती. आजोबांच्या हातची तेवढी नव्हती.

दिवाळीच्या सुटीत मी जुन्या पुस्तकांची पेटी उघडली. पुस्तकात क्रूस नव्हताच! पावसाळ्यात कसरीने तो खाऊन टाकला होता. पानापानांत पिवळसर भुगा तेवढा उरला होता. मला रडू कोसळले. जे मी राखेपासून वाचविले, त्याची अखेर मातीच झाली होती; आणि ती कोणाच्याही कपाळी लागली नव्हती.

२ नोव्हेंबरला आम्ही सर्व मृतांचे स्मरण करतो. त्या दिवशी साऱ्यांनी कबरींवर फुले वाहिली, मेणबत्त्या लावल्या. मी खिशातली कागदाची पुडी सोडली आणि तो भुगा आजोबांच्या कबरीवर सोडला. आईने पाहिले आणि माझ्या पाठीवरून हात फिरविला.

पुढच्या झावळ्यांच्या रविवारी पहाटे मी स्वतःच पाती सोलावयास बसलो. माझा पहिला क्रूस वेडावाकडा झाला. पण तसबिरीमागे तो वर्षभर राहिला, आणि राखेच्या बुधवारापूर्वी मी तो आपल्या हाताने चर्चमध्ये नेऊन दिला.

आज माझी साठी उलटली आहे. दर वर्षी मी वाडीतल्या मुलांना क्रूस विणावयास शिकवितो. एखादे मूल विचारते, “जाळायचाच, तर इतका नीट कशाला विणायचा?” मी म्हणतो, “द्यायचा आहे ना, म्हणून!”